सत्त्याऐंशीवरची गाठ

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे आणि भित्री आहे. हे पहिल्याच ओळीत सांगून मोकळी होते, म्हणजे पुढे मला कोणी शूर समजून फसायला नको. ज्यांच्या घरी कॅसेट आहे त्यांनी माझी धाकटी भावंडं पाहिली असतील. ती प्लास्टिकच्या डबीत दडून बसतात. मला तसं दडायला मिळालं नाही. मी ताटलीएवढ्या चाकावर उघडी गुंडाळलेली असते, आणि वर नुसता पुठ्ठ्याचा चौकोनी डबा.

माझ्या अंगावर नागपूरच्या 'लू' नावाच्या बँडचा दुसरा अल्बम आहे. त्याची तबकडी कधी निघाली नाही. दुसऱ्या टेपवर त्याची नक्कलही कोणी काढली नाही. म्हणजे मी आहे तोवर तो आहे. एवढं ओझं अंगावर असतं तर तुम्हीही घाबरला असता.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. एक लांबच लांब पातळ पट्टी, आणि तिच्यावर चिकटवलेली लोखंडाच्या गंजाची तपकिरी पूड. इतर ठिकाणी गंज खरवडून काढतात, माझ्यावर तो मुद्दाम लावला. आवाज यंत्रात शिरला की तिथलं चुंबक या कणांना हुकूम सोडतं, आणि ते हुकुमाप्रमाणे उभे राहतात. दुसऱ्या चुंबकाचा हुकूम येईपर्यंत ते तसेच उभे. माझी भीती इथूनच सुरू होते. यंत्राचं लाल बटण दाबलं की भरणाऱ्या चुंबकाच्या आधी पुसणारं चुंबक कामाला लागतं. पुसताना दुखत नाही. दुखलं असतं तर निदान काहीतरी गेलं एवढं तरी समजलं असतं. शिवाय टेपला स्वतःचं स्वतःला ऐकू येत नाही. बाहेरचं सगळं ऐकू येतं, दिसतं, पण आपल्या पोटात काय आहे ते कोणी वाजवलं तरच कळतं.

नागपुरात मी आले ती भैयाजीच्या दुकानात. भैयाजीचं सदर भागात रेडिओदुरुस्तीचं आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. देश सोडून जाणाऱ्या कोणा साहेबाच्या सामानातून त्याने एक वजनदार टेपरेकॉर्डर उचलला, त्याच्याबरोबर मी आले. साल चौसष्ट. यंत्राला एक हिरवा डोळा होता, आवाज आला की तो मिचकायचा. एक लाल बटण होतं. आणि तीन आकड्यांचं एक छोटं चक्र होतं, टेप जसजशी पुढे जाईल तसतसं ते शून्यापासून वाढत जायचं. मी माझं सगळं अंग त्या आकड्यांवरून ओळखायला शिकले. तुम्ही कोपर म्हणता, गुडघा म्हणता, तसं मी दोनशे दहा म्हणते.

भैयाजी माणूस वाईट नव्हता. त्याला नाही म्हणता येत नसे, एवढंच. कोणी काहीही मागितलं की तो म्हणायचा, "होऊन जाईन," म्हणजे होऊन जाईल. मी एका आठवड्याची मोजणी ठेवली होती. दिवसाला सरासरी अकरा वेळा 'होऊन जाईन', आणि त्यांतली झालेली कामं चार.

यंत्राची परीक्षा घ्यायला त्याने आपल्या ओळखीच्या यमुताईला बोलावलं. यमुताई पाचपावलीत कोष्ट्यांच्या, म्हणजे विणकरांच्या वस्तीत राहायची. त्या भागातलं एकही बारसं तिच्या पाळण्याशिवाय होत नसे. तिने माझ्यावर आपला पाळणा म्हटला, एकही कडवं न गाळता, पार माझ्या टोकापर्यंत. भैयाजीने डब्यावर शाईने लिहिलं, 'यमुताई – पाळणा'. तिने जाताना बजावलं की हे नीट ठेव, माझ्या नातीच्या बारशाला मी स्वतः बसून ऐकणार. भैयाजी काय म्हणाला ते तुम्ही ओळखलं असेल.

त्यानंतर आठ-नऊ वर्षं मी फळीवर होते. मला कोणी वाजवलं नाही. त्यामुळे पाळणा कसा होता ते माझ्या ध्यानातून हळूहळू गेलं, आणि नुसतं डब्यावरचं नाव राहिलं.

एक दिवस रविंद्र दुकानात आला. हा पाचपावलीतल्या चंपतराव विणकराचा मुलगा. हातमागावर लुगडी विणणाऱ्या घरात याने गिटार आणली होती. रेल्वे कॉलनीतला नोएल ड्रम वाजवायचा, टपाल कचेरीतला वामन पेटी वाजवायचा, आणि या तिघांच्या बँडचं नाव 'लू'. उन्हाळ्यात आपल्याकडे माणसाला आडवं करणारा जो वारा सुटतो, तो. त्यांची पहिली तबकडी छोटी होती, चार गाण्यांची, कलकत्त्याहून छापून आलेली. सदरच्या हॉटेलांत ती वाजायची आणि लोक पाय हलवायचे. आता त्यांना दुसरी करायची होती, आणि तिच्यावर कोणी पाय हलवू नये अशी त्यांची इच्छा होती.

रविंद्रला कोरी टेप हवी होती. भैयाजीने मला काढलं, निळी पेन्सिल घेतली, डब्यावरचं नाव आडव्या रेघांनी खोडलं आणि मला पुढे सरकवलं. रविंद्रने नाव वाचलं. यमुताईला तो ओळखत होता. त्याच्या स्वतःच्या बारशाला तिनेच पाळणा म्हटला होता. त्याने विचारलं, "हे यमुताईचं नोहे का?"

"जुनं हाये थे. ने तू," भैयाजी म्हणाला.

रविंद्रने एकदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्या मोजणीत ही नोंद अजून तशीच आहे.

मग लाल बटण दाबलं गेलं. एक थंड हात अंगावरून फिरल्यासारखं वाटलं, आणि मी कोरी झाले. त्या दिवसापासून मी लाल रंगाला भिते. कुंकवाची डबीही कोणी जवळ आणली तरी माझं चाक थरथरतं.

दुसरा अल्बम भरायला सात अमावस्या लागल्या. कारण साधं होतं. कोष्ट्यांच्या घरी अमावस्येला माग चालत नाही. एरवी चंपतरावांच्या घरात दोन आणि शेजारच्या घरांत दहा-बारा माग सकाळपासून खटखटत असायचे, तिथे गिटार कुठून ऐकू येणार? म्हणून अमावस्येच्या दुपारी भैयाजीचं यंत्र रिक्षातून यायचं, मागाच्या शेजारी मांडलं जायचं, आणि हे तिघे सुरू व्हायचे. वामनची पेटी रिकाम्या पिंपात तोंड घालून वाजे. एका गाण्यात डेझर्ट कूलरचं पाणी ठिबकत होतं. एक गाणं एकवीस मिनिटांचं होतं आणि त्यातली पहिली सहा मिनिटं काहीच होत नव्हतं. नोएलच्या म्हणण्याप्रमाणे हे सायकेडेलिक संगीत होतं, डोळे मिटून ऐकलं की माणसाला रंग दिसले पाहिजेत.

चंपतरावांनी हे ऐकून घेतलं. पान लावता लावता म्हणाले, "रंगच पाहाचे असन तं रंगाऱ्याकडे जाऊन बसा ना गा. थो उघड्या डोळ्यानं दाखवते."

रविंद्रला पहिल्या गाण्याची सुरुवात मागाच्या आवाजाने करायची होती. त्याने बापाला विणायला सांगितलं. अमावस्येला चंपतराव धोट्याला बोट लावेनात. म्हणाले, उद्या ये. म्हणून फक्त तेवढ्यासाठी यंत्र दुसऱ्या दिवशी थांबलं. शेजाऱ्यांना घटकाभर माग बंद ठेवायची विनंती झाली. चंपतराव धुतलेली टोपी घालून मागाच्या खड्ड्यात उतरले. वर लटकलेल्या माइककडे ते असे पाहत होते, जणू तिथून काही खाली पडणार आहे. चार मिनिटं त्यांनी माग चालवला. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे, तो धागा घट्ट बसवणाऱ्या फणीचा ठोका, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये त्यांचा श्वास. ते शून्यापासून सत्त्याऐंशीच्या थोडं पुढेपर्यंत माझ्या अंगावर भरलं गेलं. वाजवून पाहिलं तेव्हा त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि बाहेर गेले.

सहाव्या अमावस्येला मी तुटले. हे तिघे ती सुरुवात ऐकत होते, तेवढ्यात वीज गेली आणि झटक्याने आली. यंत्राने मला ओढलं, मी चाकाला गुंतले, आणि सोडवताना हातभर-दोन हात तुकडा दोन्हीकडून निखळून हातात आला. रविंद्रचा चेहरा राखेसारखा झाला. जोडायची चिकटपट्टी सदरमध्ये, भैयाजीच्या दुकानात, आणि दुकान बंद. नोएल देवाचं नाव घेऊ लागला.

चंपतराव ओसरीवरून आत आले. "तुटला का ताणा? आना इकडं."

मित्रांनो, ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे. ते रोज तुटतात आणि विणकर ते रोज सांधतो. चंपतरावांनी मला मांडीवर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी कडेने धरलं. बाकी सगळे मला शेवचिवडा खाल्लेल्या बोटांनी मधोमध धरत. त्यांनी टोकावर टोक ठेवलं, सुताला लावायच्या खळीचं बोट फिरवलं, आणि वर रेशमी धाग्याचे चार बारीक वेढे देऊन गाठ मारली. एक गाठ सत्त्याऐंशीवर, दुसरी तिच्या पुढे दोन हातांवर. काम सुबक झालं. चूक एकच झाली. धाग्याला उलटसुलट नसतं, म्हणून मधला तुकडा त्यांनी उलटा लावला.

मला यंत्रावर चढवलं. माग सुरळीत चालला, आणि सत्त्याऐंशी आले तसं गाठीने 'टक्' केलं, मग पाच सेकंद माग उलटा चालला. ठोका आधी मावळायचा आणि मग पडायचा. सोडलेला श्वास छातीत परत जायचा. मला तर वाटलं, आपल्यात कोणी मेलेला माणूस जागा होतो आहे. मी इतकी घाबरले की चाकावर सैल पडले. हे तिघे मात्र आनंदाने वेडे व्हायचे बाकी होते. जे वर्षभर शोधत होते ते त्यांना सापडलं होतं. चंपतरावांना ते दुरुस्त करू देईनात. चंपतराव म्हणाले की यांच्यात चूक ओळखू येईल इतकं बरोबर काही नाहीच.

फक्त एक अडचण राहिली. गाठी जाड होत्या, यंत्राच्या फटीत अडकायच्या. म्हणून सत्त्याऐंशी आले की रविंद्र बोट टेकवून गाठ हळूच पलीकडे सरकवायचा. आणि सहाशे अकरावर शेवटचं गाणं संपलं की तो बटण दाबून मला थांबवायचा. सत्त्याऐंशीला बोट, सहाशे अकराला बटण. हा नेम कधी चुकला नाही.

त्या वर्षी वैशाखात रविंद्रच्या बहिणीचं, जयाचं लग्न ठरलं. त्याच सुमारास मुंबईच्या एका कंपनीचं पत्र आलं की टेप घेऊन या, ऐकून सांगतो. रविंद्रने ते पत्र माझ्या डब्यात ठेवलं. लग्न उरकलं की तो मला घेऊन जाणार होता. ते पत्र पोटाशी धरून मी कोनाड्यात बसले होते.

इकडे चंपतरावांच्या मनात निराळंच. जया जाणार, तिच्या लग्नाचा आवाज तरी घरात राहावा. त्यांनी भैयाजीला मंगलाष्टकं टेप करायला सांगितलं. "होऊन जाईन," भैयाजी म्हणाला. मग त्याने कोऱ्या टेपसाठी सारं नागपूर पालथं घातलं, म्हणजे दोन दुकानांत विचारलं. टेप मिळाली नाही. लग्नाच्या सकाळी तो यंत्र घेऊन आला आणि म्हणाला की रविंद्रची टेप आहे ना, तिच्यावर घेऊ.

चंपतरावांनी स्वतःच्या हाताने मला कोनाड्यातून काढलं. त्यांचा काही दोष नव्हता. मागावरचा ताणा संपत आला की विणकर नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला सांधतो आणि पुढे विणतो. नव्यासाठी जुनं पुसावं लागतं असा धंदा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांना वाटलं, गाणी संपली की त्यांच्या पुढे लग्न सुरू होईल. भैयाजीला खरं ठाऊक होतं. पण ते सांगायचं म्हणजे नाही म्हणावं लागलं असतं.

रविंद्र तेव्हा स्टेशनवर होता, नवरदेवामागून उशिराच्या गाडीने उमरेडहून येणारं उरलेलं वऱ्हाड उतरवून घेत. मला यंत्रावर चढवलं. आकडे शून्यावर आणले. मी चाकाला चिकटून राहायचा प्रयत्न केला. टेपला पाय असते तर मी त्या दिवशी पाचपावलीतून पळत सुटले असते.

मांडव उन्हाने तापला होता. अंतरपाट धरला गेला. भटजींनी पहिला सूर लावला आणि भैयाजीने लाल बटण दाबलं.

तोच थंड हात. एक, दोन, तीन. हिरवा डोळा मिचकत होता आणि माझ्यातला माग एकेक ठोका करून जात होता. मला माहीत होतं काय जातं आहे, कारण ते मी बावीस वेळा ऐकलं होतं. वीसवर चंपतराव खाकरले होते, ते गेलं. एकतीसवर धोटा कडेला थडकला होता, तेही गेलं. आणि ज्यांचा श्वास जात होता ते अंतरपाटाजवळ उभे राहून माझ्याकडे कौतुकाने पाहत होते.

उरलेलं वऱ्हाड मांडवात शिरलं. त्यांच्या मागून रविंद्र आला. त्याने आधी बहिणीकडे पाहिलं, मग लाउडस्पीकरकडे, मग यंत्राकडे. माझी फिरणारी चाकं त्याला दिसली. दाबलेलं लाल बटण दिसलं.

तो ओरडला नाही. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या भावाने ओरडायचं? सगळा मांडव, वरपक्षाची माणसं, अंतरपाटामागे मान खाली घातलेली जया. कोणीतरी त्याच्या मुठीत अक्षता दिल्या. तो गर्दीतून खांद्याखांद्याने वाट काढू लागला, पण लोक दाटीवाटीने उभे होते, आणि प्रत्येक 'सावधान'ला हात वर जात आणि वाट बंद होई. साठ. सत्तर. अक्षतांचे दाणे माझ्या चाकांवर पडत होते. एक दाणा आत गेला असता तर मी तिथेच फाटले असते. रविंद्र अजून दहा माणसं लांब होता. त्याच्या ओठांकडे मी पाहत होते. तो आकडे मोजत होता.

पंच्याऐंशी. शहाऐंशी.

सत्त्याऐंशीला बोट ठेवायला कोणी नव्हतं. गाठ फटीत आली आणि अडकली. यंत्र घरघरलं, चाकं थांबली. भैयाजीने घाईघाईत लाल बटण सोडलं आणि कातर काढली. "एक गाठ हाये. कापून जोडतो, होऊन जाईन."

तेव्हा रविंद्र पोचला आणि त्याने यंत्रावर दोन्ही हात ठेवले. मुठीतल्या अक्षता तिथेच सांडल्या.

चंपतराव वाकून पाहायला आले. आपली गाठ त्यांनी लगेच ओळखली. मुलाचा चेहरा पाहिला आणि हळू आवाजात विचारलं, "काय झालं गा?"

"बाबा, नवं भरलं का जुनं पुसते."

"कोणतं जुनं?"

"तुमचा माग होता थो. गेला."

भटजींचा सूर चालूच होता. भैयाजी म्हणाला की अजून दोन मंगलाष्टकं बाकी आहेत, कापू का? चंपतरावांनी त्याच्या हातातली कातर काढून घेतली, आपल्या खिशात घातली आणि म्हणाले, "बंद कर. लगन साऱ्यायनं पाह्यलं. मले पुन्हा आयकाचं नाई."

मी वाचले असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण यंत्राला लागूनच बायकांची रांग होती, आणि तिच्यात यमुताई बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने माझा डबा उचलला. वाचता येत नव्हतं, पण निळ्या रेघांखाली आपलं नाव कुठे लिहिलं होतं ती जागा तिला आठवत होती. तिथे तिने बोट ठेवलं. "भैयाजी, म्हंजे माहा पाळणा कोठी गेला गा?"

भैयाजीच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा 'होऊन जाईन' निघालं नाही. तो वायर गुंडाळू लागला. यमुताईने मग रविंद्रकडे पाहिलं. रविंद्रने मान खाली घातली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली. रविंद्र मला वाजवून किती गेलं ते पाहत होता. ती यंत्राजवळ बसली आणि त्याच्या मनगटाला धरून बोलायला लागली. ती रागावून बोलत नव्हती, त्यामुळे ते ऐकायला जास्त कठीण होतं. दोन वर्षांपूर्वी नातीचं बारसं झालं, तेव्हा यमुताईचा आवाज बसला होता, आता तो फुटत नाही. भैयाजीकडे ती चार वेळा जाऊन आली. तो आज देतो, उद्या देतो म्हणाला.

"तुले ठाऊक होतं का?" तिने विचारलं.

"नाव वाचलं होतं," रविंद्र म्हणाला.

"मंग इचारलं काहून नाई?"

"इचारलं. एकडाव."

तिने मनगट सोडलं नाही. इकडे गाणी चालली होती. सहाशे अकरा आले. रविंद्रचा हात बटणाकडे जायला हवा होता, तो तिच्या मुठीत होता. मी पुढे चालले. सहाशे बारा, सहाशे तेरा. गाणी भरल्यापासून तिथे मी कधी गेलेच नव्हते. सहाशे पंचवीसपर्यंत नुसती खरखर. माझं टोक जवळ येत होतं आणि मी भीतीने गारठले होते, कारण आता आपण चाकावरून सुटून फडफडणार हे मला माहीत होतं.

आणि माझ्या पोटातून एक बाई गाऊ लागली.

दोरी तांबडी पिवळी, ओढा हळू वं हळू...

गाणी भरताना रविंद्र सहाशे अकराच्या थोडं पुढे थांबला होता. तिथून पुढे लाल बटण पोचलंच नव्हतं. पाळण्याची शेवटची दोन मिनिटं जशीच्या तशी राहिली होती. इतकी वर्षं माझ्यातच होती आणि मला पत्ता नव्हता.

यमुताईने मनगट सोडलं. मी टोकाला आले, सुटले, चाकाभोवती फडफडत राहिले, तरी कोणी उठलं नाही. मग ती म्हणाली, "बाई चांगली म्हनते."

पुढचं थोडक्यात सांगते. रविंद्रने मला मुंबईला नेलं. तिथल्या साहेबाने मला एकशे तीसपर्यंत ऐकलं आणि विचारलं, सुरुवातीला हे लग्न कशाला? रविंद्र म्हणाला, ते तिथलंच आहे. साहेबाने मला परत डब्यात घातलं. नोएल ऑस्ट्रेलियाला गेला. वामन टपालात वर चढला. रविंद्र रेल्वेत लागला, आणि 'लू' संपली.

पण दर वर्षी वैशाखात यमुताई यायची. दुसऱ्या वर्षी रविंद्रने विचारलं की हाताने फिरवून थेट तुमच्या पाळण्यावर आणू का? ती म्हणाली, "मधलं काहून सोडू? ताटावरून अर्धं उठाची सवय नाई मले." मग ती भिंतीला टेकून पूर्ण पाऊण तास बसायची. मंगलाष्टकं, टक्, उलटा माग, कूलरचं पाणी, सहा मिनिटांचं काहीच नाही, आणि सगळ्यांत शेवटी आपला पाळणा. एकोणऐंशी साली चंपतराव गेले. त्या वर्षी सत्त्याऐंशी जवळ आले तेव्हा रविंद्रचं बोट पुढे होईना. यमुताईने आपलं बोट टेकवून गाठ पलीकडे सरकवली. पाच सेकंद श्वास छातीत परत गेला. चंपतरावांचा तेवढाच उरला होता, तोही उलटा.

माझ्या मोजणीप्रमाणे 'लू'चा दुसरा अल्बम सुरुवातीपासून टोकापर्यंत ऐकणारी माणसं आजवर दोन. एक रविंद्र. दुसरी यमुताई, अकरा वेळा. शेवटच्या वर्षी तिचे डोळे गेले होते. एकवीस मिनिटांच्या गाण्याच्या मध्यावर ती म्हणाली, "रविंद्रा, आता मले कायतरी पिवळं दिसून राहिलं." नोएलला हे कळवायला हवं होतं.

आज साल अठ्ठ्याऐंशी. मी नागपूरच्याच नंदनवन वस्तीत जयाच्या घरी कपाटात आहे. रविंद्रची बदली झाली तेव्हा त्याने मला तिच्याकडे दिलं. डब्यावर आता निळ्या रेघांच्या वर पुन्हा शाईने लिहिलं आहे, 'यमुताई – पाळणा', आणि त्याखाली 'लू – दुसरा'. कपाटाच्या वरच्या खणात नवा स्टिरिओ आला आहे. त्याच्या स्पीकरच्या पाठीला मोठं चुंबक असतं. ते माझ्यापासून वीतभर अंतरावर आहे. कोणी स्टिरिओ खाली ठेवायचा म्हटलं की माझा जीव जातो. वैशाखाच्या उन्हात कपाट तापतं आणि गाठींवरची खळ सुटायला लागते, तेही मला कळतं. मला वाजवून तीन वर्षं झाली. आज माझ्या पोटात काय शिल्लक आहे ते मला ठाऊक नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी टेप, कॅसेट, डबा, काहीही सापडलं आणि वरचं नाव कोणी खोडलेलं असलं, तर थांबा. मोठी माणसं म्हणतील की जुनं आहे, ने तू. बहुतेक वेळा ती खरंही बोलत असतील. एकदा विचारून झालं की आपल्याला मोकळं वाटतं, मीही ते पाहिलं आहे. पण बोट लाल बटणावर ठेवण्याआधी तुम्ही दुसऱ्यांदा विचारा. आणि मला कधी वाजवलंत तर सत्त्याऐंशीला बोट लावा, आणि सहाशे अकराला उठू नका.